आईने न दिलेलं काविळीचं औषध

मंडळी, तासाभरापूर्वी आमच्या ओटीवर जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई काविळीवर झाडपाल्याचं औषध देते. मागच्या महिन्यात मिरजोळ्याचे सुरेशदादा आले, डोळे हळदीसारखे पिवळे. आईने विचारलं, "खाज सुटते? शौचाला कशी होते?"

दादा लाजत म्हणाले, "खाजवून अंग सोललंय. शौचाला पांढरट होते, मातीसारखी."

आईने पुढे केलेली औषधाची वाटी मागे घेतली. "ही कावीळ माझ्या हातातली नाय रे, पित्ताची वाट अडलेली दिसते. आधी सोनोग्राफी कर."

दादा रागावून गेले. लोक काय म्हणतील म्हणून मीही आईवर चिडले.

आज ते फाइल घेऊन आले. पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला. पण पुढच्या स्कॅनमध्ये तो यकृतात किंवा आजूबाजूच्या ग्रंथींत पसरलेला दिसला नाही. ऑपरेशन होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले.

दादा पाया पडायला वाकले, तर आई म्हणते, "पाया मागाहून पड. ऑपरेशनची तारीख घेतलीस काय?"

तुमच्याकडे कावीळ झाली की लोक आधी कुठे जातात? आमच्या दारात आता आधी रिपोर्ट दाखवावा लागेल.

आईच्या औषधाचे गोडवे गाणारे खूप भेटतात. मला मात्र तिचा खरा अभिमान वाटतो, तो तिने औषध न देता परत पाठवलेल्या या एका माणसामुळे.