तीस इंचांचे पाऊल

गुरुवारी सकाळी नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी आमच्या तुकडीतला नाईक सुदाम रंगारी रामटेकजवळच्या एका धानाच्या बांधीत मेला. ऑगस्ट महिना होता. साठचे दशक संपत आले होते. युद्ध चालू नव्हते.

त्या वेळी मी फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, हवालदार होतो. नागपूरला बी.एस्सी. करून भरती झालो होतो, म्हणून मला लाइनमन लोकांना वीज शिकवायला दिले होते. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आमचे सुबेदारसाहेब मात्र मला प्रोफेसर म्हणत, आणि तो मान नव्हता. "प्रोफेसर, खंभे पर किताब नहीं चढ़ती, आदमी चढ़ता है," असे ते संपूर्ण वर्गासमोर म्हणत. वर्ग हसे. रंगारीही हसे. तो नागपुरातल्या सक्करदऱ्याचा होता, माझ्याच वस्तीतला.

जुलैत मी विजेच्या बिंदुभाराचा धडा घेतला होता. फळ्यावर मधोमध एक ठिपका काढला आणि त्याच्याभोवती वर्तुळे. भारापासून जसजसे दूर जावे तसतसा विभव, म्हणजे विजेचा दाब, कमी होतो. एका वर्तुळावर तो सगळीकडे सारखाच असतो. ठिपक्याजवळ वर्तुळे दाटीने येतात, लांब गेल्यावर विरळ होतात. तार तुटून जमिनीला टेकली, तर ते टोक जवळपास अशाच ठिपक्यासारखे वागते, हेही मी सांगितले.

रंगारीने हात वर केला. "उस्ताद, मंग तारेले हात नाही लावला, लांब उभा राहिलो, तं धोका नाही ना?"

"नाही," मी म्हणालो आणि फळा पुसला.

उत्तर अर्धे होते. दुसरा अर्धा भाग मला येत होता. तास संपत आला होता, एवढेच.

ऑगस्टमध्ये आमची तुकडी सरावासाठी रामटेककडे गेली. शेतांच्या कडेने टेलिफोनची तार टाकायची होती. गावाला आम्ही नको होतो. आमच्या ट्रकने पहिल्याच दिवशी दोन धुरे, म्हणजे बांधीच्या कडेचे मातीचे बांध, फोडले आणि बांधीतले पाणी वाहून गेले. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, धानाची रोवणी मागे पडली होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवरचा दोर काढून ठेवलेला दिसला. तिसऱ्या दिवशी आमची तार चार ठिकाणी कापलेली होती. सुबेदारसाहेबांनी सरपंचाला शिव्या दिल्या. रात्री तंबूंवर दगड आले.

गुरुवारी पहाटे वादळ झाले. सव्वानऊला आरडाओरडा ऐकू आला. आम्ही सहाजण धावत रस्त्याच्या कडेला पोहोचलो. अकरा हजार व्होल्टच्या लाइनची एक तार तुटून बांधीच्या चिखलात पडली होती. तिच्यापासून पाच-सहा पावलांवर दोन बैल जुवासकट मरून पडले होते. त्यांच्या मागे, आणखी काही पावलांवर, बळीराम नावाचा शेतकरी उभा होता. जिवंत होता. दोन्ही पाय जवळजवळ, हात छातीशी. पाय उचलला की पोटरीत झटका बसतो, असे तो ओरडून सांगत होता.

धुऱ्यावर चाळीसेक माणसे जमली होती. ती आमच्यावर तुटून पडली.

"तुमच्याच तारेनं बैल मारले!"

"काका, आमची तार टेलिफोनची हाय," रंगारी म्हणाला. "तिच्यातून फक्त सुबेदारसाहेबाच्या शिव्या जाते."

"शिव्यांनं बैल मरते का गा? धुरे फोडले, आता माणूस मारता?"

बळीरामच्या बायकोने चिखलाचे ढेकूळ फेकले. ते माझ्या छातीवर लागले.

सुबेदारसाहेबांनी रेडिओ सेट घेतला. "बिजली की लाइन गिरी है. आदमी फँसा है. सप्लाई बंद करवाओ. ओवर."

"वेट. आउट." पलीकडून एवढेच आले, म्हणजे थांबा.

तार चिखलात पडल्यावर दर वेळी फ्यूज उडतोच असे नाही. ही लाइन चालूच होती. कोरडा दोर फेकून बळीरामला ओढायचे, असे सुबेदारसाहेबांनी ठरवले. आमच्याकडचा दोर पंचवीस यार्डांचा होता. तो पुरेल का, हा प्रश्न होता. फौजेत अंतर पावलांनी मोजतात. प्रत्येक पाऊल तीस इंचांचे. परेडवर ते वर्षानुवर्षे असे मुरवतात की माणूस झोपेतही तेवढेच टाकील.

"रंगारी, कदम गिनो. तार से दूर रहना."

मी मेलेल्या बैलांकडे पाहत होतो. तारेला त्यांचा स्पर्श झाला नव्हता. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचे अंतर असते. एक पाय एका वर्तुळावर, दुसरा पाय दुसऱ्या वर्तुळावर. मारतो तो या दोन पायांमधला विभवाचा फरक. बळीरामचे पाय जवळ होते, म्हणून तो जगला. मला ते त्या क्षणी पूर्ण कळले.

"साहब, पाँव—" मी म्हणालो.

"प्रोफेसर, भाषण बाद में. सावधान!"

गर्दी हसली. मी सावधान झालो.

रंगारी धुऱ्यावरून खाली उतरला. पायात खिळे ठोकलेले बूट होते. तो मोठ्याने मोजत होता, म्हणजे आम्हाला ऐकू यावे. एक, दो, तीन. पाठ ताठ, पावले एकसारखी. सातव्या पावलाला तो अडखळला. आम्हाला वाटले, चिखल आहे. आठ, नौ, दस. मग आवाज आला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि पुढे कोसळला. तारेकडे, हात पसरून. उठला नाही.

सुबेदारसाहेबांनी एक पाय खाली टाकला. मी त्यांचा पट्टा धरून मागे ओढले. वरिष्ठाला मी हात लावल्याची ती एकच वेळ.

मग मी ओरडलो, "बळीरामभाऊ! पाय उचलू नका! दोन्ही पाय एकमेकाला चिकटवा. घासत घासत या, टाचेपुढे टाच जाऊ देऊ नका. तारेकडे पाठ करा."

"मले मारून राहिला का तू?"

"उचलू नका. घासा."

त्याला दुसरा इलाज नव्हता. तो वीतभरसुद्धा पुढे जात नव्हता, बोटाबोटाने सरकत होता. धुऱ्याला लागायला त्याला अकरा मिनिटे लागली. त्या अकरा मिनिटांत कोणी शिवी दिली नाही. नऊ बावन्नला सप्लाई बंद झाल्याचा संदेश आला आणि आम्ही रंगारीला उचलून आणले. डॉक्टरने येऊन फक्त वेळ लिहून घेतली.

बळीरामने माझे आभार मानले नाहीत. तो बायकोजवळ बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि बाजूला थुंकला.

"येवढं ठाऊक होतं तं त्या पोराले आधी काहून नाही सांगितलं?"

तुकडी त्याच दुपारी निघाली. ट्रकच्या मागे गावातले लोक रस्त्यावर उभे होते. कोणी हात हलवला नाही, दगडही मारला नाही.

चौकशी झाली. सुबेदारसाहेबांनी सांगितले की हुकूम तारेपासून दूर राहण्याचा होता. ते खरे होते. मला विचारले, धोक्याची कल्पना जवानांना दिली होती का. मी म्हणालो, अर्धी दिली होती. कारकुनाने 'दिली होती' असे लिहिले. मी खाली सही केली.

पुढे मी तेरा वर्षे शिकवले. प्रत्येक तुकडीला फळ्यावर रामटेकची टेकडी काढून सांगत असे, की उंचीने माणूस पडत नाही, उताराने पडतो, आणि विजेचेही तसेच. मग त्यांना मैदानावर पाय जोडून घासत चालायला लावत असे. पोरे हसत, वाकून चालत, एकमेकांना म्हातारा म्हणत. मी पन्नास पावलांच्या अंतरापर्यंत त्यांना तसेच नेत असे.

पेन्शन घेऊन मी सक्करदऱ्याला परत आलो. रंगारीचे नाव कुठल्याही स्मारकावर नाही, कारण तो लढाईत मेला नाही. त्याची बायको शांता हयात आहे. तिचे घर माझ्या घरापासून चौथे, माझे तिथे जाणे-येणे होते. वस्तीतल्या एका लग्नात मी तिला सगळे सांगितले, फळ्यावरच्या उत्तरापासून सावधान होण्यापर्यंत. तिने ऐकून घेतले. म्हणाली, "भाऊ, तुम्ही आता माह्या घरी येऊ नका."

त्याला आठ वर्षे झाली. मी गेलो नाही.