कडू डॉक्टरांचा अर्ज

कडू डॉक्टरांकडे गेलेला माणूस आधी शिव्या खायचा आणि मग औषध. पाथर्डीच्या पुढं आमचं बाजारगाव, तिथं त्यांचा दवाखाना होता आणि मी त्यांच्याकडे नर्स होते. त्यांचं आडनाव वेगळं होतं, पण ते कुणी उच्चारत नसे. जीभ कडू म्हणून कडू डॉक्टर. मलाही त्यांनी कधी धड हाक मारली नाही. "सिस्टर, कान आहेत का?" ही त्यांची हाक.

सगळ्यात जास्त राग त्यांना रोग्याच्या नातेवाइकांचा. रोगी टेबलावर घेतला की ते बाकीच्यांना दंडाला धरून बाहेर काढत. "रोगानं मरत नाहीत तेवढे तुमच्या गर्दीनं मरतात," असं म्हणून दाराला कडी. सरपंच असो की साधू, कुणाची गय नाही.

या सवयीमुळंच पुढचं सगळं घडलं. एकाहत्तरच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या चेअरमनची सून विहिरीत पडली म्हणून बैलगाडीतून आणली. डोकं फुटलेलं, श्वास घरघरत होता. डॉक्टरांनी नवऱ्यासकट सगळ्यांना बाहेर घालवलं. आत ती, डॉक्टर आणि मी. "कशी पडलीस?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं डोळे उघडले, माझं मनगट धरलं आणि स्पष्ट म्हणाली, "ह्यांनी ढकललं वं बाई." थोड्या वेळानं ती गेली.

चेअरमन आत आले. "पाय घसरून पडली, आसं लिवून द्या डॉक्टर."

"ती काय म्हणाली ते मी ऐकलंय. तेच लिहिणार."

"आवो, घरची आब्रू हाय."

"मग घरातच ठेवायची होती. विहिरीत कशाला टाकली?"

पोलीस आले, चेअरमनच्या मुलावर खटला उभा राहिला, आणि गावानं आमच्याकडे पाठ फिरवली. दवाखान्याच्या दारात शेण पडू लागलं. दूधवाल्यानं दूध बंद केलं. दसऱ्यानंतर निम्मी माणसं ऊसतोडीला कोपरगावकडे गेली आणि उरलेली चेअरमनच्या धाकात. डॉक्टर रिकाम्या बाकांकडे बघून म्हणत, "आता कसं, दवाखाना स्वच्छ राहतो."

हिवाळ्यात लढाई सुरू झाली. रेडिओवर आरमाराच्या बातम्या येत होत्या आणि वर्तमानपत्रात डॉक्टर हवे असल्याची जाहिरात आली होती. डॉक्टरांनी त्याच दुपारी नौदलासाठी अर्ज लिहायला घेतला. मी विचारलं, "समुद्रावर काय करणार तुम्ही?"

"तिथं नातेवाईक नसतात."

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्यांनी स्वतःची छाती तपासून घेतली, चष्मा बदलला, नगरला जाऊन फोटो काढून आणला. बातमी गावात फुटली आणि चक्क चेअरमन दवाखान्यात आले.

"डॉक्टर, झालं गेलं इसरून जा. देशाचं काम हाय. मुंबईला आमचा मानूस हाय, शब्द टाकू का?"

त्यांच्या मनात काय होतं ते लहान पोरालाही कळलं असतं. साक्षीदार समुद्रावर गेला की खटल्यात उरणार मी एकटी. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते शांतपणे म्हणाले, "टाका. पण जरा वजनदार माणसाकडे टाका."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले. लढाई तर लवकर संपली, तरी त्यांना मुलाखतीला बोलावणं आलं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी नेमणूकही झाली. चेअरमननी मारुतीच्या पारावर सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. ज्यांनी शेण टाकलं तेच पुढं बसले होते. डॉक्टर बोलायला उठले. "मी जातोय याचा ज्यांना आनंद झालाय, त्यांनी टाळ्या वाजवा." कडकडाट झाला. चेअरमनचे हात सगळ्यांत आधी वर गेले होते. डॉक्टरांनी हार काढून समोरच्या शेळीपुढं टाकला आणि ते एसटीत जाऊन बसले. मी निरोप द्यायला गेले नाही.

पुढचे महिने वाईट गेले. दुष्काळ पडला, खडी फोडायच्या कामावर मी जखमा बांधायला जात होते. तिथंही चेअरमनचा भाऊ येऊन उभा राही. "बाई, तुमाला नीट आयकू आलं नसंल. व्हय ना?" मी मान खाली घालून पट्टी बांधायची आणि म्हणायची, "आलं होतं." घरी आले की डॉक्टरांना मनोमन शिव्यांची लाखोली वाहायची. एक ओळीचं पत्रसुद्धा त्यांनी पाठवलं नव्हतं.

नगरच्या कोर्टात माझी साक्ष झाली. वकिलानं मला पार घोळात घेतलं. "'ह्यांनी' म्हणजे कुणीही असेल. दीर असेल, गडी असेल." मी रडकुंडीला आले. मला सोडून दिलं तेव्हा चेअरमनची माणसं आपसात हसत होती.

एवढ्यात पुकारा झाला आणि पांढऱ्या शुभ्र गणवेशात कुणी अधिकारी आत आला. टोपी काखेत. मी काय, चेअरमननीही आधी ओळखलं नाही. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तेव्हा ओळख पटली.

वकील म्हणाला, "तुमचा या कुटुंबावर राग आहे."

"आहे. अजून गेला नाही."

"मुलगी शुद्धीवर होती कशावरून?"

"माझा प्रश्न तिला एकदाच विचारावा लागला. तुम्ही तोच तिसऱ्यांदा विचारताय."

न्यायाधीशांनी समज दिली. मग वकिलानं 'ह्यांनी' काढलं. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "वकीलसाहेब, माझं लग्न झालेलं नाही, तरी मला कळतं. तुमच्या घरी तुमची बायको 'ह्यांनी' कुणाला म्हणते?"

सगळं कोर्ट हसलं. चेअरमनचा मुलगा तेवढा खाली बघत होता. पुढं त्याला जन्मठेप झाली.

बाहेर आल्यावर मी भडकून विचारलं, "यायचंच होतं तर गेलात कशाला? आणि कळवलं का नाही?"

"जायचं होतं म्हणून गेलो. समन्स आलं म्हणून आलो. मी येणार नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मी पिशवी उचलून चालू लागले. तेही स्टँडपर्यंत मागोमाग आले. पाथर्डीची गाडी खच्चून भरली होती. डॉक्टर माझी पिशवी हिसकावून आत घुसले, खिडकीशी ऐसपैस पसरलेल्या एकाला दटावून उठवलं आणि मला बसवलं. मला वाटलं, आता तरी दोन बरे शब्द बोलतील. पण तिकिटाशिवाय आत कसे आलात म्हणून कंडक्टरनं हटकलं, आणि खाली उतरून ते दारात उभ्या कंडक्टरशी भांडायला लागले. गाडी सुटली तरी त्यांचा चढलेला आवाज बराच वेळ ऐकू येत होता. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.