काळ्या अंगरख्याचं अस्तर

किरयू या विणकरांच्या गावात सुमीए कुरामोची जुने किमोनो उसवून, धुऊन, पुन्हा शिवून द्यायची. त्या कामात हाती लागलेले युद्धाच्या वेळचे कपडे ती जपून ठेवायची. सैनिक सुखरूप परतावेत म्हणून हजार बायांनी एकेक टाका घातलेले कमरेचे पट्टे बघायला लोक यायचे, डोळे पुसायचे. पण बाळांच्या झबल्यांवरची बॉम्ब टाकणारी विमानं दाखवली, की सगळ्यांचं एकच, ‘आमच्याकडे असलं काही नव्हतं हो.’ मग हे घातलं कुणी, भुतांनी?

शेवटी तिनं गावाच्या सभागृहात सगळं मांडलं. गल्लीचे प्रमुख हानझावा तणतणत आले. त्यांचा कापडाचा कारखाना वडिलांपासूनचा.

“सुमीएबाई, गावाची अब्रू कशाला काढता? असलं कापड काढायचा लष्कराचा हुकूम होता. आमचे वडील तरी काय करणार?”

सुमीएनं एक साधा काळा अंगरखा उचलला आणि उलटा केला. आतल्या रेशमी अस्तरावर विमानांची रांग होती आणि खाली पेटलेलं शत्रूचं शहर.

“बाहेरून नुसता काळा! आतलं लष्कराला दिसत तरी होतं का? साके प्यायला बसलं, की अंगरखा काढून दोस्तांना दाखवायचं होतं हे. हौसेनं शिवून घेतलेलं!”

हानझावांनी अंगरखा हातात घेतला. त्यांचा अंगठा नकळत अस्तरावरून फिरला.

“हा लाल आमच्याच कारखान्यातला. बघा, अजून उतरला नाही.”

सुमीएनं अंगरखा हिसकावून घेतला.

“तो लाल म्हणजे जळणारी घरं आहेत, हानझावासाहेब. आत माणसं होती.”