भोकाचा मांडा

बाळांनो, संक्रांतीनंतर माझ्या अंगावरून वारं गेलं, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं मी फोनवर सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. बोलणं आठवड्यात परत आलं, पाय महिन्यात आला. उजवा हात मात्र येईना. ज्या हाताने मी शहाद्यात इतकी वर्षं फळ्यावर इंग्रजी लिहिलं, त्याच्याने चहाचा कप उचलेना.

सवयीप्रमाणे मी तक्ता केला. सकाळी रबरी चेंडू शंभर वेळा दाबायचा, दुपारी पुन्हा शंभर. झालं की डाव्या हाताने कॅलेंडरवर खूण. खुणा वाढत गेल्या, हात तसाच. चैत्रात मी चेंडू कपाटात टाकला. आजोबांनी एवढंच विचारलं, "मग आखाजीचे मांडे?" आणि लगेच जीभ चावली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमची आत्या माहेरी येते आणि आमरसाबरोबर मांडे लागतातच. आपल्याकडे मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत पसरवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकतात. एका हाताचं हे काम नव्हे.

आजोबांनी मागच्या गल्लीतल्या बाईला सांगून ठेवलं. लग्नाकार्यात तिच्या मांड्यांना मागणी असते. शाळेत ती माझीच विद्यार्थिनी होती. पंधरा दिवस आधी ती खापर बघायला आली आणि माझा पदराखालचा हात बघून खाली बसली.

"बाई, हात का लपाडी ठेवा?"

"काम करत नाही तो. चेंडू दाबून दाबून थकले."

"चेंडू काय खावाना शे का? कणीक मळू, चाला!"

रोज दुपारी ती यायची. मी तिला तक्ता दाखवला, तर म्हणाली, "हाऊ कागद चुलीमा घाला." पहिला मांडा माझ्या हातावरून थेट चुलीच्या राखेत गेला. दुसरा मधोमध फाटला. ती पोट धरून हसली.

"तुमी मले इंग्रजीमा दोनदा नापास करं ना? आते मन्ही पाळी. नापास!"

"अगं, कॉपी करत होतीस तू!"

"मंग आते तुमी करा. मन्हा हात देखा."

तिचे हात बघताना माझी चूक मला दिसली. मी उजव्या हाताकडे डोळे वटारून त्याला हुकूम सोडत होते. तिचे हात ढिले होते. एक फिरवत होता, दुसरा नुसता खाली थांबून वजन घेत होता.

"उजव्याले काहीच सांगू नका," ती म्हणाली. "डावा करी. त्याले नुसतं संगे ऱ्हावू द्या."

मग मी तसंच केलं. फाटलेले मांडे आजोबा दुधात कुस्करून खायचे. आठवडाभरात त्यांचा पट्टा एक भोक पुढे सरकला. दहाव्या दिवशी गोळा फिरवताना उजव्या अंगठ्याने कणकेची कड आपणहून धरली. मी ओरडले. ती म्हणाली, "ओरडू नका, फाटी जाई!" आणि खरंच फाटला.

आखाजीला चाळीस मांडे तिने केले, एक मी. त्याला मध्ये रुपयाएवढं भोक होतं. तुम्हाला व्हिडिओवर दाखवला तेव्हा धाकटीने विचारलं, "आजी, हा डोनट आहे का?" माझ्या माजी विद्यार्थिनीने तो उचलून उजेडात धरला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "पस्तीस मार्क. पास!"

आत्याला तो मांडा हवा होता. मी दिला नाही. सगळा एकटीने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी पेन हातात घेतलं, डावा हात वहीवर संगतीला ठेवून. हे पान लिहायला चार दिवस लागले. ओळी उजवीकडे चढल्या आहेत. माझ्या वर्गात असं अक्षर काढलं असतंत, तर मी पुन्हा लिहायला लावलं असतं. तुम्ही मात्र असंच ठेवा.