झाकण लावू नगंस

इंदापुरात एका बियाण्यांच्या दुकानात मी सॉफ्टवेअर बसवत होते, तेव्हा काटेवाडीहून थोरल्या भावाचा फोन आला. "अगं, तात्यांच्या ओव्या डिलीट झाल्या माझ्या हातनं. लग्नाच्या व्हिडिओला जागा करत हुतो. ट्रॅशमधीबी न्हाईत."

तात्या म्हणजे आमचे चुलते. तरुणपणी मेंढरांमागं फिरताना शिकलेल्या ओव्या ते गायचे. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. त्याआधी मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर गाणं भरून घेतलं होतं, तेवढं उरलं होतं. जेवण झालं की तात्या ते रोज ऐकायचे. दुसरी प्रत नव्हती. सगळ्या तालुक्याला बॅकअपचं शहाणपण शिकवणारी मी, माझ्याच दिव्याखाली अंधार.

तेवढ्यात फोनमधून मागचा आवाज ऐकू आला.

"दादा, मागं कोण गातंय?"

"तात्याच की. मगाशी लावल्यालं, अजून वाजतंय. कसं काय ते कळंना."

मला कळलं. "तितंच थांबीव! नुसतं थांबीव, बंद करू नगंस. चार्जर लाव. झाकण लावू नगंस. मी आले."

"फोनवर सांग की, मी करतो."

"तूच केलंयस एवढं. आता हात लावू नगंस."

एसटीत बसले तेव्हा गाणं अजून गेलेलं नाही याची मला खात्री होती. फाइलचं नाव आपल्यासाठी असतं. प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा यंत्रणा त्याला एक आकडा देते आणि पुढं तो त्या आकड्यावरच वाचत राहतो. नाव खोडलं तरी आकडा कुणी धरून आहे तोवर आतल्या मजकुराला धक्का लागत नाही. म्हशीचं नाव कागदावरून खोडलं म्हणून म्हैस जात नाही, दावं सुटलं की जाते. गाणं संपलं असतं तर दावं सुटलंच होतं.

घरी पोचले तर ओसरीवर लॅपटॉप, शेजारी तात्या, आणि त्यांचा एक हात उघड्या झाकणावर. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्याशी फोन झाल्यापासनं असंच बसल्यात. चा बी घेतला न्हाय."

मी कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि प्लेअरनं धरलेले आकडे पाहिले. एका आकड्यासमोर तात्यांच्या फाइलचं नाव होतं, पुढं 'डिलीटेड' असा शेरा. त्याच आकड्याच्या वाटेनं सगळं गाणं नव्या फाइलमध्ये उतरवलं, मग पेनड्राइव्हवर, मग माझ्या फोनवर. शेवटपर्यंत धड होतं.

"एवढंच व्हय?" दादा म्हणाला.

"एवढंच," मी म्हणाले आणि मनातून भलतीच खूश झाले.

मी तात्यांकडे वळले. "तात्या, सोडा आता. झाकण लावलं तरी चालंल."

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या हातानं त्यांनी बटण दाबलं आणि थांबलेला आवाज अर्ध्या ओळीतून पुढं सुरू झाला. त्यांचे ओठ आवाजाच्या किंचित आधी हलत होते. ओवी पुरी झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच झाकण लावलं.