दुकान वाढवा

आमच्यात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं, दिवा विझवला तरी वाढवला म्हणायचं. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढंच. लहानपणापासून कानावर पडलेलं, त्यामुळे त्याचा कधी विचारही केला नव्हता. नौपाड्यातल्या पुस्तकांच्या दुकानात मी कामाला लागले तेव्हा संध्याकाळी गिऱ्हाईक पांगलं की दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, डोक्यावरची टोपी सारखी करत आणि म्हणत, "चला, दुकान वाढवा." ह्या एका शब्दावर पुढे काय काय झालं ते सांगितलं तर आज कुणी खरं मानणार नाही. न मानेनात. मी तिथे उभी होते.

मी नुकती मॅट्रिक झालेली. मास्तरणीची नोकरी मिळेना, लग्न जमेना, आणि घरात बसून मी सगळ्यांशी भांडायची. शेवटी आईच म्हणाली, "बाई, जा तू दुकानात. तिथे तरी तुझं तोंड उपयोगाला येईल." दुकान लहानसंच. दर्शनी बाजूला दार नव्हतंच, लाकडी फळ्या होत्या. सकाळी एकेक काढायची, संध्याकाळी खाचेत एकेक सरकवायची. क्रम चुकला की शेवटची बसायची नाही, म्हणून काकांनी प्रत्येक फळीवर तांबड्या रंगाने आकडा घातला होता. काकू दुपारी घरून खळीचं पातेलं घेऊन येत, मागे बसून सुट्या झालेल्या पुठ्ठ्यांना खळ लावत. पुढे गल्ल्याकडे त्या कधी येत नसत, बोलत तर त्याहून नसत.

फाळणी होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. कल्याणच्या छावणीतून एक सिंधी गृहस्थ आले, चाळिशीचे, उन्हातसुद्धा कोट घातलेला. त्यांनी अंकलिपी मागितली. मी दिली, तर त्यांनी ती मागच्या बाजूने उघडली. मला हसूच फुटलं. "अहो, उलटी धरलीत!" तेही हसले आणि हिंदीत म्हणाले, आमच्याकडे पुस्तक ह्याच बाजूने उघडतं. काका गल्ल्यावरून उठून आले. "तिकडे काय करत होतात?" त्यांनी विचारलं. "किताबों की दुकान थी, साईं." काकांनी पुढे एक शब्द विचारला नाही. "उद्यापासून या," म्हणाले. मी बघतच राहिले. एवढा मोठा निर्णय इतक्या साधेपणाने घेताना मी तोवर कुणाला पाहिलं नव्हतं.

ते सगळ्यांना साईं म्हणत, म्हणून आम्हीही त्यांना साईंच म्हणू लागलो. मला मात्र अदी म्हणायचे. त्यांच्यात बहिणीला म्हणतात तसं. पहिल्याच संध्याकाळी गंमत झाली. काका म्हणाले, "दुकान वाढवा." साईं जरा थबकले. मग त्यांनी पुस्तकांचा एक गठ्ठा उचलला, बाहेर ओट्यावर नेला आणि तिथे नीट मांडायला लागले! मी हसून हसून खाली बसले. तेव्हा मागून काकू उठून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, वाढवा म्हणजे आवरा. बंद हा शब्द आपण उच्चारत नाही." साईंनी गठ्ठा परत आत आणून ठेवला. "कितनी अच्छी बात है," एवढंच म्हणाले आणि त्यांनी पहिल्या आकड्याची फळी उचलली. तेव्हापासून फळ्या लावायचं काम त्यांचंच झालं, आणि छावणी सोडून ते दुकानातच राहू लागले.

मराठी त्यांनी आमच्याच अंकलिपीवरून शिकून घेतली, पण पुस्तक त्यांच्या लेखी बाईमाणूसच राहिलं. "ती पुस्तक आली, अदी." मी रोज टोकायची, ते रोज "बरोबर, बरोबर" म्हणायचे आणि पुन्हा तेच. शेवटी काकासुद्धा "ती कुठे ठेवलीस गं?" असं विचारायला लागले. पुस्तक देताना साईं ते रुमालाने पुसत, नाव गिऱ्हाइकाच्या बाजूला येईल असं फिरवत आणि दोन्ही हातांनी पुढे करत. चिल्लीपिल्ली पोरं पाढ्यांचं पुस्तक घ्यायला आली तरी तसंच. पोरं बिचारी हात चड्डीला पुसून मगच पुस्तक घ्यायची.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. गावाहून त्यांचे थोरले भाऊ धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. जागा सोडायची, तिथे कापडाचं दुकान टाकायला एकजण तयारच आहे, आणि ह्या दोघांनी गावी यायचं. "ही काय एकटीने दुकान चालवणार?" ते काकूंच्या समोरच म्हणाले. काकूंनी पदर सारखा केला. दुकान गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती, ते एक सोडा. काकूंना दिराच्या घरी पडेल ते काम करत दिवस काढावे लागले असते आणि साईंना पुन्हा छावणीच्या बराकीत.

एके सकाळी काकांनी आम्हाला घरी बोलावून घेतलं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वळायलाच किती वेळ लागला त्यांना. ओठ हलले, शब्द गोळा झाले. "आता... दुकान... वाढवा." म्हणजे कायमचं. खोलीत प्रत्येकाला ते कळलं. मी तर हमसून हमसून रडले, लाजबीज काही वाटली नाही. थोरले भाऊ म्हणाले, "मी गावी जाऊन येतो. तोवर आवरून ठेवा."

दुसऱ्या दिवशी जड पावलांनी दुकानाशी आले तर आतून ठाक ठाक आवाज. बघते तर साईंनी कोट काढून ठेवलेला, तोंडात खिळे धरलेले, आणि दुकानाच्या फळ्या भिंतीला ठोकून त्यांची कपाटं करतायत! काही फळ्या ओट्यावर विटांवर मांडल्या होत्या, त्यांच्यावर पुस्तकंही लागली होती. माझं टाळकंच सरकलं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? काका काय म्हणाले ऐकलंत ना?"

"वाढवा म्हणाले."

"वाढवा म्हणजे बंद करा! एवढे दिवस रोज ह्या फळ्या कोण लावतंय? मी?"

त्यांनी खिळे हातात घेतले आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "अदी, माझा मराठी कच्चा आहे."

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात काकू आल्या. हातात नेहमीचं खळीचं पातेलं. मी सगळं भडाभडा ओकले. त्या ठोकलेल्या फळ्यांकडे बघत राहिल्या, एकेका आकड्यावर नजर फिरली. मग हळूच म्हणाल्या, "आमचे हे 'वाढवा' असंच म्हणाले ना?"

"हो, पण काकू..."

"मग वाढवू या."

भाजी कुठली करायची हेसुद्धा नवऱ्याला विचारणारी ही बाई! आजही ते आठवलं की मी हातातलं काम ठेवून देते.

त्यानंतर आम्ही जे केलं त्याचं आता मलाच नवल वाटतं. डोंबिवलीला नव्या चाळी उठत होत्या, तिथे, शेजारच्या दुकानदाराला आमच्या दुकानावर लक्ष ठेवायला सांगून, दारोदार पुस्तकं विकत फिरलो. कल्याणला उतरून विठ्ठलवाडीच्या बाजूला बराकींपर्यंत चालत गेलो. पुस्तकांचं गाठोडं काकूंच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं. देवळापलीकडे एकट्या न गेलेल्या काकू बराकीच्या दाराशी मातीत फतकल मारून बसायच्या आणि सिंधी पोरांना घेऊन "ग गवताचा" म्हणायच्या. पोरांच्या मागे आया, आयांच्या मागे आज्या. कुणाचं घर नाही, कुणाचं दार नाही, आणि सगळे अंकलिपीवर वाकलेले. काय माणसं होती हो! दुकानाला फळ्या नव्हत्या, म्हणून आमचे साईं उंबऱ्यावर आडवे झोपायचे.

असंच एकदा परत येताना कल्याणच्या फलाटावर गाठोड्याला टेकून बसलो होतो. काकू पाणी प्यायला गेल्या होत्या. मी विचारलं, "खरं सांगा, साईं. तुम्हाला कळलं होतं ना?"

ते रुळांकडे बघत होते. "अदी, एक दुकान वाढवून आलो मी. दुसरी नाही वाढवणार."

'दुसरी' म्हणाले, ते चुकलंच. पण 'वाढवून' हा शब्द त्यांनी अगदी नौपाड्यातल्यासारखा वापरला होता. मला टोकायचं सुचलं नाही. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

थोरले भाऊ परत आले ते कापडवाल्याला घेऊनच. ओट्यावर गिऱ्हाइकांची दाटी, आत नवी कपाटं. "फळ्या कुठायत?" ते ओरडले. मी बोट दाखवलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. तडक घरी गेले आणि काकांनाच टांग्यात घालून घेऊन आले. काय ते त्यालाच चारचौघांत सांगू दे, म्हणाले.

काकांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी स्वतः रंगवलेले तांबडे आकडे आता पुस्तकांच्या ओळींखाली दिसत होते. काकू त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "तुम्ही वाढवा म्हणालात. आम्ही वाढवलं."

"अरे, सांग ना त्यांना स्पष्ट!" थोरले भाऊ म्हणाले. काकांनी काकूंकडे बघितलं, साईंकडे बघितलं. मग नवी कपाटं न्याहाळत बसले. गिऱ्हाइकं येत होती, साईं पुस्तक पुसून, फिरवून, दोन्ही हातांनी देत होते. कापडवाला कधी निघून गेला कळलंही नाही.

संध्याकाळ झाली, गिऱ्हाईक पांगलं. सवयीने आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. आता हे जे म्हणतील ते शेवटचं. काकांनी डाव्या हाताने टोपी सारखी केली. "वा..." म्हणाले आणि थांबले. ओठ मिटले. थोरले भाऊ पुढे झाले. काकांनी मान हलवली आणि जन्मात कधी न उच्चारलेला शब्द एकेक अक्षर जुळवत उच्चारला.

"आजच्यापुरतं... बंद करा."

थोरले भाऊ मटकन ओट्यावर बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसतही होते.

साईंनी भिंतीला ठोकलेल्या फळ्यांकडे बघितलं. "साईं, कशाने?"

काका अर्ध्या चेहऱ्याने हसले. काकूंनी गाठोडं सोडलं, पुस्तकं खाली ठेवली आणि ते जुनं लुगडं झटकून दुकानाच्या तोंडाशी आडवं बांधलं.