असुंताचा श्वास

माझी धाकटी बहीण असुंता हॉलिवूडच्या भुताच्या सिनेमात गायली, आणि सिनेमा होता मुका. हसा खुशाल, मीही हसले होते.

गोष्ट ऑपेरातली. नायिका गायला लागली की तळघरातला मुडदा उठून यायचा. पण नायिकेला गाण्याचा गंध नाही. नुसतं तोंड हलवलं की गळा खोटा दिसायचा. म्हणून कॅमेऱ्याशेजारी शिडीवर असुंताला उभं करायचे. ही गायची, ती हिच्याकडे बघून तसंच तोंड करायची. मी त्याच सिनेमा कंपनीच्या शिवणखात्यात होते, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर.

इटलीत, नेपल्सला असताना बाबांनी आम्हा दोघींना गाणं शिकवलं होतं. माझा आवाज फुटका निघाला, तिचा लागला. पण शिडीवर गाताना शेवटच्या लांब सुरात बया मध्येच श्वास घ्यायची आणि माझं डोकं फिरायचं.

"बाबा असते तर कानाखाली वाजवली असती. सूर तोडतेस?"

"ताई, श्वास पुरत नाही गं."

"पुरत नाही कसा? आळशी मेली."

छातीचं दुखणं तिनं लपवलं होतं. रुमालावरचं रक्त मला दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. नाताळाआधीच गेली. आळशी म्हटलेलं मात्र माझ्या मनातून जाईना.

चार वर्षांनी सिनेमे बोलू लागले, तसा कंपनीनं त्याच सिनेमाला आवाज लावला. गाणारी दुसरीच असणार, हे कळत होतं. तरी दुपारच्या खेळाला गेले. वेडी आशा, दुसरं काय. तिचा आवाज मला एकदाच ऐकायचा होता.

आवाज परक्या बाईचा, चांगला दमदार. शेवटचा सूर तिनं अखंड ओढला, आणि पडद्यावर नायिकेचं तोंड मध्येच मिटलं. खांदे वर आले, तोंड पुन्हा उघडलं. सूर आपला चालूच. लोक खो खो हसले. नायिकेनं शिडीकडे बघून उचललेले ते खांदे असुंताचे होते.

मग मी रोज गेले. शेजारची रोझारिया म्हणाली, "कार्मेला, भुतानं झपाटलंय की काय तुला?"

शेवटच्या खेळाला तो सूर आला, तशी मी खुर्चीत पुढे सरकले.

"घे गं बाई," मी हळूच म्हणाले, "पुरेल तेवढा घे."